प्रत्येकीची पात वेगळी : कॉलेजच्या ऑनलाइन गटात कुणी काम करत नसेल तर



आजचा विषय कॉलेजचा आहे. पण हे आपल्यासाठी नाही असं म्हणून उठून जाऊ नका. आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या मुली आणि सुना तालुक्याच्या कॉलेजात शिकतात. काही जणी स्वतः घरी राहून पदवी करतात. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं, आणि शेत-घर सांभाळून शिकणाऱ्या बायकांना त्याचा मोठा आधार झाला. आता पदवी म्हणजे नुसता पेपर लिहिणं राहिलेलं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर कॉलेजच्या अभ्यासात प्रत्यक्ष जाऊन करायच्या प्रोजेक्टला महत्त्व आलं आहे. हा प्रोजेक्ट पुष्कळदा चार-पाच जणांनी मिळून करायचा असतो. त्यातली एक मुलगी आपल्या गावात, दुसरी तिच्या मामाच्या गावी, एक मुलगा पुण्यात नोकरी करत शिकणारा. समोरासमोर भेट होत नाही. सगळं काम फोनवर, व्हॉट्सॲपवर.

आणि मग तक्रार सुरू होते. एक जण मेसेज वाचतो, निळ्या खुणा दिसतात, पण उत्तर नाही. एक जण "हो, करते" म्हणते आणि आठवडा निघून जातो. एकाचा फोनच बंद. शेवटच्या दोन रात्री एकच मुलगी जागून सगळं लिहून काढते आणि वर मात्र पाच नावं लागतात.

गटांच्या बैठकींना फिरताना हे आम्ही पुष्कळ ऐकतो. यात नुसते मार्क जात नाहीत. रात्री फोन घेऊन बसलेली मुलगी घरात बोलणी खाते. "असलं शिक्षण काय कामाचं, सोडून दे" असं कुणीतरी म्हणून जातं. संसार सांभाळून शिकणारी सून तर आधीच काठावर उभी असते. शिक्षण सोडायला तिला एवढं निमित्तही पुरतं. म्हणून आज या विषयावर सविस्तर बोलू.

पात नसली की काय होतं

खुरपणी आठवा. दहा बायका शेतात उतरल्या की प्रत्येकीची पात ठरलेली असते. कुणाची पात मागं राहिली ते मान वर केली की दिसतं. कुणी कुणाला हिशेब मागत नाही. जी मागं पडली तिला शेजारची हात लावते, नाहीतर विचारते, "का गं, आज बरं नाही वाटत का?"

आता समजा, मालकानं सांगितलं की पात-बीत काही नाही, सगळ्या मिळून शेत खुरपा. काय होईल? दोघी जिथं तण कमी तिथं बसतील. एक सावलीकडचा भाग धरेल. दोघी-तिघी मुकाट्यानं राबतील आणि संध्याकाळी चिडतील. बांधाकडेचं तण तसंच राहील. बायका त्याच, शेत तेच, पण काम बिघडलं. कारण पात नव्हती.

हे फक्त आपल्या शेतात होतं असं नाही. फ्रान्समध्ये मॅक्स रिंगलमन नावाचे एक शेतकी अभियंते होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला. एकटा माणूस किती ओढतो, दोघं किती, आठ जण किती. माणसं वाढली तसा एकूण जोर वाढला, पण माणशी जोर कमी होत गेला. आठ जण मिळून साधारण चार जणांएवढाच जोर लागत होता. हे त्यांनी १९१३ साली छापलं. एक कारण असं की आठ जणांचा झटका एका वेळी बसत नाही. दुसरं असं की "बाकीचे आहेत की" म्हणून प्रत्येक जण थोडा हात सैल सोडतो.

पुढे अमेरिकेत लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स या तीन संशोधकांनी १९७९ मध्ये कॉलेजच्या मुलांना ओरडायला आणि टाळ्या वाजवायला लावलं. तिथंही तेच दिसलं. आपल्याबरोबर इतर जणही ओरडताहेत असं नुसतं वाटलं तरी मुलांचा आवाज कमी होत होता. त्यांनीच १९८१ मध्ये पुढची गोष्ट दाखवली. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं मुलांना कळलं, तेव्हा ही ढिलाई राहिली नाही.

म्हणजे काय? काम न करणारा प्रत्येक जण कामचुकार नसतो. आपलं काम वेगळं दिसत नाही असं वाटलं की चांगल्या माणसाचाही हात सैल पडतो. ऑनलाइन गटात तर कुणीच कुणाला दिसत नाही. म्हणून "आपण सगळे मिळून करू" हे वाक्य कानाला गोड लागलं तरी तिथंच थांबू नका. आधी पाती पाडा.

पाती कशा पाडायच्या

एक उदाहरण घेऊ. पाच जणांचा गट आहे. विषय आहे गावातला पाणीवापर. पन्नास घरांची माहिती घ्यायची आहे आणि हातात सहा आठवडे आहेत.

"तुम्ही माहिती गोळा करा, आम्ही लिहू" अशी वाटणी करू नका. माहिती आली नाही की लिहिणारी अडकून बसते, आणि शेवटी माहितीही तीच गोळा करते. त्यापेक्षा प्रत्येकाला दहा घरं द्या. शिवाय प्रत्येकाला एकेक वेगळं काम द्या. एकीनं प्रश्नावली तयार करायची, एकानं तक्ते करायचे, एकीनं फोटो आणि गावाचा नकाशा, एकानं लिखाण एकत्र जोडायचं, एकीनं सर्वांसमोर मांडणी करायची. कामासमोर नाव आणि नावासमोर तारीख लिहायची.

तारीख जवळची हवी. "महिन्यात दहा घरं" असं ठरवलं तर तीन आठवडे कुणी हलत नाही. "या रविवारपर्यंत तीन घरं" असं ठरवलं तर कोण अडलंय ते पहिल्याच रविवारी कळतं. सगळं काम पाच आठवड्यांत संपेल असं बघा आणि सहावा आठवडा मोकळा ठेवा. पाऊस, लग्नकार्य, आजारपण, लाईट जाणं, असं काही ना काही येतंच. ते त्या आठवड्यात भरून निघतं.

आता बघा, आपल्या बचत गटाची पंचसूत्री काय सांगते? नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित नोंदी. मुलांच्या गटाला बचत-कर्ज नाही, पण बैठक आणि नोंद हवीच. आठवड्यातून एक दिवस, ठरलेल्या वेळी, अर्धा तास. गूगल मीटवर साठ मिनिटांपर्यंत फुकट बोलता येतं. रेंज नसेल तर साध्या फोनवर कॉन्फरन्स कॉल लावा. प्रत्येकानं तीनच गोष्टी सांगायच्या : मी काय केलं, आता काय करणार, कुठं अडलंय. नंतर एकानं चार ओळींचं इतिवृत्त ग्रुपवर टाकायचं. कोण हजर होतं, कुणी काय कबूल केलं, कुठल्या तारखेला द्यायचं. इतिवृत्त लिहिण्याची पाळी दर वेळी बदला.

अजून एक. कुणी काम दिलं नाही तर काय करायचं, हे पहिल्याच बैठकीत ठरवा. गटात दंड किती घ्यायचा हे आपण कुणाचा हप्ता चुकल्यावर ठरवत नाही, सुरुवातीलाच ठरवतो. नंतर ठरवलं तर ते एकीच्या विरुद्ध केल्यासारखं वाटतं. मुलांनी असं ठरवावं : दोन दिवस उत्तर नाही आलं तर फोन करायचा. आठवडाभर काम नाही आलं तर ते काम दुसऱ्याला द्यायचं आणि तशी नोंद करायची. तरीही काही नाही तर सरांना किंवा मॅडमना सांगायचं.

आधी कारण विचारा

गटात एखादीचा हप्ता चुकला तर आपण काय करतो? आधी तिच्या घरी जातो. नवरा आजारी आहे का, मजुरी बुडाली का, की देण्याचं मनातच नाही, हे बघतो. इथंही तसंच करायचं, कारण गप्प राहणाऱ्यांत चार प्रकार असतात आणि चौघांना एकच औषध लागू पडत नाही.

पहिला प्रकार, ज्याला जमत नाही. घरात फोन एकच, तो वडिलांबरोबर शेतावर जातो. रिचार्ज संपलाय. सोयाबीनची काढणी चालू आहे. घरचे ऊसतोडीला गेलेत आणि धाकटी भावंडं हिच्यावर टाकलीत. असं असताना ती ग्रुपवर काय लिहिणार? लाजेनं गप्प बसते. तिला फोन न लागणारं काम द्या. घरं फिरून माहिती वहीत लिहून आणायची, पानांचा फोटो दुसरी कुणीतरी काढेल. किंवा तिच्या सोयीची वेळ विचारा.

दुसरा प्रकार, ज्याला येत नाही. मराठी टाईप करता येत नाही, तक्ता कसा करायचा माहीत नाही, आणि सांगायची भीती वाटते. तो "करतो, करतो" म्हणत राहतो. त्याला "झालं का?" असं सारखं विचारून उपयोग नाही. "पहिला तक्ता आपण फोनवर बरोबर करू" असं म्हणा. लिहायला जमत नसेल तर बोलून व्हॉइस मेसेज पाठव म्हणावं, लिहून कुणीही घेईल.

तिसरा प्रकार, ज्याला करायचंच नाही. आयत्या बिळात नागोबा. असे कमी असतात, पण असतात. त्याच्याशी वाद घालत बसू नका. ठरलेला नियम त्याला लावा आणि नोंद ठेवा.

चौथा प्रकार पटकन ओळखू येत नाही, कारण ती सगळ्यांत जास्त काम करते. हुशार मुलगी. इतरांनी लिहिलेलं तिला आवडत नाही, ती न विचारता पुसते आणि स्वतः लिहिते. दोनदा असं झालं की बाकीचे म्हणतात, "ती बदलणारच आहे, आपण कशाला लिहायचं?" आणि मग ती म्हणते, "कुणीच काही करत नाही." अशा मुलीला घरच्यांनीच समजवावं लागतं. दुसऱ्याची पात दुसऱ्याला काढू दे. थोडी वाकडी निघाली तरी त्याचीच असू दे.

बोलायचं कसं

रागाच्या भरात ग्रुपवर लिहू नका. "काही लोकांना लाजच नाही" असा मेसेज टाकला की ज्यानं काम केलं तोही दुखावतो आणि ज्यानं केलं नाही तो ग्रुप सोडून जातो. ज्याचं काम राहिलंय त्याच्याशी एकट्याशी बोला. आधी फोन, तो नाही उचलला तर मेसेज. मेसेज साधा हवा. उदाहरणार्थ असा :

"नमस्कार. तुझ्याकडे दहा घरांची माहिती होती, त्यातली तीन रविवारी द्यायची ठरली होती. अजून आलेली नाहीत. काही अडचण आहे का? बुधवारी संध्याकाळपर्यंत किती जमतील ते सांग. नाही जमलं तर तसंही सांग, आपण वाटून घेऊ."

यात शिवी नाही, टोमणा नाही, "तू नेहमी असंच करतोस" नाही. काय ठरलं होतं, काय आलं नाही, अडचण काय, पुढची तारीख कुठली, एवढंच. शिवाय "नाही" म्हणायला वाट ठेवली आहे. कितीतरी मुलं नाही म्हणता येत नाही म्हणून खोटं "हो" म्हणतात. नाही म्हटलेलं परवडतं, कारण ते काम दुसऱ्याला देता येतं. खोट्या "हो"नं मात्र सगळे अडकतात.

पण विचारपूस मायेनं केली तरी नोंद खरीच ठेवायची. गटात हप्ता उशिरा भरला तर आपण तिला समजून घेतो, पण वहीत तारीख बदलत नाही. मुलांनीही तसंच करावं. लिखाण गूगल डॉक्समध्ये एकत्र केलं तर कॉम्प्युटरवर उघडून कुणी कधी काय लिहिलं ते बघता येतं. ते जमत नसेल तर दोनशे पानी वही पुरेशी आहे. नाव, काम, ठरलेली तारीख, आलेली तारीख, असे चार रकाने पाडायचे.

सरांकडे कधी जायचं

दोनदा विचारून झालं, मदत देऊ केली, तरी काम येत नाही. अशा वेळी मार्गदर्शक सरांना किंवा मॅडमना सांगण्यात चहाडी नाही. मात्र वेळेत जा. प्रोजेक्ट द्यायच्या आदल्या दिवशी गेलं तर त्यांच्याही हातात काही राहत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गेलं तर ते त्या मुलाला बोलावू शकतात, काम बदलून देऊ शकतात.

जाताना वही घेऊन जा. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. "तसं सगळं ठीक आहे, पण जरा..." असं म्हणत उभं राहिलं तर त्यांना काय कळणार? सरळ सांगा : "पाच जणांत अशी वाटणी होती, या तारखांना आम्ही विचारलं, एवढं काम आलेलं नाही. पुढं काय करू?" एखाद्याचं नाव काढायचं की नाही हे मुलींनी आपल्या मनानं ठरवू नये, ते शिक्षकांनी ठरवावं. अहवालाच्या शेवटी "कुणी काय केलं" असं एक पान जोडू का, एवढं मात्र जरूर विचारा. त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या.

आणि राहिलेली दहा घरं? वेळ असेल तर वाटून घ्या. नसेल तर "पन्नासपैकी चाळीस घरांची माहिती मिळाली" असं अहवालात स्पष्ट लिहा. घरी बसून दहा घरांची खोटी माहिती भरू नका. चाळीस घरांच्या खऱ्या माहितीवर कुणी बोट ठेवणार नाही. दहा खोटी घरं घातली तर चाळीस घरं पायी फिरलेल्यांचं कामही खोटं ठरतं.

मुलींच्या बाबतीत एवढं बघा

गटात मुलं-मुली दोन्ही असली की पुष्कळदा अशी वाटणी होते : लिहायचं मुलींनी, बोलायचं मुलांनी. तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिही. मग मांडणीच्या दिवशी श्रेय बोलणाऱ्याला जातं. मुलींनो, वाटणीच्या वेळीच सांगा, "मीही बोलणार." आपल्या गटात बँकेत जाऊन बोलायची पाळी आपण फिरवतो, तशी तुम्हीही फिरवा.

फोनची वेळही ठरवून घ्या. संध्याकाळी सात ते साडेआठ म्हटलं की नंतर कुणी फोन करायचा नाही. त्यामुळे घरच्यांनाही माहीत राहतं की फोन कामाचा आहे. गटातला कुणी घाणेरडे मेसेज पाठवत असेल किंवा धमकावत असेल, तर ते असहकार्य नव्हे, तो छळ आहे. त्याला समजावत बसू नका. मेसेज पुसू नका, त्यांचे स्क्रीनशॉट ठेवा आणि कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे कॉलेजात अशी समिती असावीच लागते आणि विद्यार्थिनींना तिच्याकडे तक्रार करता येते. आई-मावश्यांनो, अशा वेळी मुलीचं कॉलेज बंद करू नका, तिच्याबरोबर कॉलेजात जा.

आपण काय करू शकतो

आपल्याला प्रोजेक्ट लिहिता येणार नाही, पण त्याची वाट मोकळी करता येईल. मुलीची ऑनलाइन बैठक ज्या दिवशी असेल त्या दिवशी तेवढा अर्धा तास फोन तिला द्या आणि भाकरी थापायला दुसऱ्या कुणाला बसवा. ज्या घरात रेंज येत नाही त्या घरच्या मुलीला ग्रामसंघाच्या खोलीत किंवा रेंज असलेल्या शेजारच्या ओट्यावर बसू द्या. गावातल्या ज्या मुलीचं काम मागं पडलंय तिच्या आईला आपण ओळखत असू, तर तक्रार घेऊन जाऊ नका. "तिला काही अडचण आहे का?" एवढंच विचारून या. पुष्कळदा खरं कारण तिथंच कळतं.

या आठवड्याच्या बैठकीत एक काम करा. घरात शिकणारी मुलगी किंवा सून असेल तर तिला बरोबर आणा आणि आपली इतिवृत्ताची वही दाखवा. बैठक कशी लिहितो, कुणी काय कबूल केलं ते कसं टिपतो, हप्ता चुकला की काय करतो, ते सांगा. मग तिला विचारा : तुझ्या गटात किती जण? तुझी पात कुठली? मागं कुणाची राहिली, आणि का? तिचं उत्तर निवांत ऐका. शेवटच्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसेल, तर त्याच संध्याकाळी तिला त्या जोडीदाराला फोन लावायला सांगा.